पाटकऱ्याची वाट

"हे तुमच्या राहुरीकडचेच ना हो, सीमा मॅडम? ओळखता का यांना?" पूजा मॅडमनी मोबाईल पुढे धरला आणि सीमा म्हणाली, "नाही." मधली सुट्टी होती. नगरच्या सावेडीतल्या त्या शाळेच्या स्टाफरूममध्ये पंख्याची कुरकुर, डब्यांच्या झाकणांचे आवाज, कुणाच्या तरी लोणच्याचा वास, सगळं रोजच्यासारखं होतं. मोबाईलवर एक म्हातारा तारेच्या कुंपणापुढे प्लास्टिकच्या स्टुलावर बसला होता. पाय सुजून कोहळ्यासारखे झालेले, वहाणा शेजारी काढून ठेवलेल्या, काठी सिमेंटच्या पोलला टेकवलेली. कुठल्याशा बातम्यांच्या चॅनलवाल्यानं त्याच्या तोंडापुढे माईक धरला होता आणि म्हातारा अजिबात न चिडता, शेताला पाणी कधी सुटणार ते सांगावं तशा आवाजात सांगत होता, "मी आता मरनार हाय. लांब न्हाईत दिवस. आन माझी पेटी या वाटंनंच जानार. आडवायचं त्यानं आडवावं." सीमाच्या तोंडात मेथीच्या भाजीचा घास होता. तो तिनं चावला, गिळला, वर पाणी प्यायली. "ते कुंपण आमच्या गहिनीनाथमामांचं आहे," पूजा मॅडम सांगत होत्या, "आईचे सख्खे भाऊ. दोन वर्षांपूर्वी घातलं, जनावरं ऊस खातात म्हणून. आणि आता हे बघा, गावभर बदनामी. म्हाताऱ्याला कुणीतरी फूस लावलेली असणार." "असेल," सीमा म्हणाली. हा दुसरा शब्द पहिल्यापेक्षाही सोपा गेला. स्टुलावरचा म्हातारा तिचा बाप होता.

घंटा झाली. सातवी ब ला विज्ञान होतं, हृदयाचे चार कप्पे. तिनं फळ्यावर आकृती काढायला घेतली, रक्त कुठून येतं आणि कुठं जातं त्याचे बाण दाखवायला लागली आणि खडू मोडला. तीन महिन्यांपूर्वी नगरच्या हार्टच्या डॉक्टरांनी हीच आकृती कागदाच्या मागच्या बाजूला काढली होती, एका झडपेभोवती पेनानं गोल केला होता आणि बाबांनी चष्मा लावून ती नीट पाहिली होती. "म्हंजी गेट नीट लागंना," ते म्हणाले होते. "पानी मागं फिरतंय." रंभाजी साळवे म्हणजे सबंध नोकरी कालव्यावर पाटकरी म्हणून केलेला माणूस. कुणाच्या रानाला कोणत्या पाळीला पाणी सोडायचं, गेट किती बोटं उचलायचं, हे तीस वर्षं त्यांच्या हातात होतं. त्यामुळे झडप लागत नाही म्हणजे काय, हे त्यांना सीमाच्या आधी कळलं. वयामुळे ऑपरेशन होणार नव्हतं. काळजी घेतली तर उन्हाळा निघेल, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर रिक्षात बसताना तिनं बाबांचा दंड धरला तेव्हा ते म्हणाले, "उन्हाळ्याचं काय घिऊन बसलीस. त्याच्या आत लई काम हाय." कसलं काम, हे तिनं विचारलं नव्हतं. रिक्षात तिला रडू येत होतं आणि ते रडू आवरण्यातच तिचं सगळं लक्ष होतं.

मुलं आकृती उतरवून घेत होती. सीमा खिडकीशी उभी राहिली. तो शब्द आपल्या तोंडात आला कुठून, हे ती शोधत होती. लग्नानंतर ती कदम झाली होती. कदम सगळ्या जातीधर्मांत असतात. शाळेत कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. टिकली ती कॉलेजपासून लावायची, आवडायची म्हणून. मार्गशीर्षात कुणी हळदीकुंकवाला बोलावलं की जायची. नाताळाला जोडून रजा काढायची तेव्हा कारण 'घरगुती' असं लिहायची. नवरा परदेशी नोकरीला, वर्षातून एकदा घरी येणारा. तो म्हणायचा, कशाला कुणाला काय सांगत बसायचं. यात खोटं असं काही नाही, अशी तिनं स्वतःची समजूत घालून बावीस वर्षं काढली होती. आजचं मात्र खोटं होतं. न सांगणं आणि नाही म्हणणं यांच्या मधे एक ओढा असतो, तो आज ती ओलांडून गेली होती आणि पाय ओले झाल्याचं कळायलाही तिला एक अख्खा घास लागला होता. आणि बाबांनी हे आधी सांगितलं होतं. शब्दाला शब्द धरून सांगितलं होतं. गेल्याच्या गेल्या रविवारी, ओसरीत, तिच्या देखत.

सीमाच्या माहेरी, बाभूळवेढ्याला, ख्रिस्ती वस्तीवर पस्तीस घरं आहेत. त्यांचं कबरस्तान गावाबाहेर ओढ्याच्या अलीकडे, आणि तिकडे जाणारी वाट गहिनीनाथच्या उसाच्या दोन फडांमधून. गावच्या नकाशावर ती वाट आहे. सीमाची आई, बनाबाई, चार वर्षांपूर्वी त्याच वाटेनं गेली होती. मग गहिनीनाथनं सिमेंटचे पोल रोवून तार ओढली आणि त्याच पावसाळ्यात शेजारच्या छबूबाईंचा नवरा वारला. भांडण नको म्हणून मंडळींनी पेटी मागच्या अंगानं, ओढ्यातून नेली. कमरेइतकं पाणी, खाली गाळ. मधोमध एकाचा पाय सरकला, पेटी एका बाजूला कलंडली आणि पाणी आत शिरलं. छबूबाई काठावर उभ्या राहून बघत होत्या. त्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत, नुसता पदर दातात धरला. बाबा त्या दिवसानंतर बदलले. त्यांनी अर्ज दिले, नकाशाच्या नकला काढल्या, ऑफिसात जाऊन बाकावर बसले. सगळीकडे 'बघू' मिळालं. म्हणून डॉक्टरांकडून आल्यावर, ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ लागला तशी, त्यांनी दर रविवारी उपासनेनंतर माणसं ओसरीत बोलवायला सुरुवात केली. छबूबाई यायच्या. सुप्याच्या कारखान्यात असलेला चुलतभाऊ ज्ञानेश्वर यायचा. अमृत पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, नुकतेच या मंडळीत बदलून आलेले, संकोचत यायचे. आणखी आठदहा जण. सीमा नगरहून यायची ती बापाला भेटायला, त्यांच्या औषधाच्या गोळ्या डबीत भरायला. पण ओसरी एवढीशी, ऐकू येणारच.

पहिल्या रविवारी त्यांनी शुभवर्तमानातला तो भाग वाचायला लावला, यरुशलेमकडे जाताना येशू आपल्या बारा जणांना वाटेत बाजूला घेतो आणि आपलं पुढं काय होणार ते सांगतो. धरून देतील, थट्टा करतील, थुंकतील, फटके मारतील, जिवे मारतील. वाचून झाल्यावर बाबा बराच वेळ दम घेत राहिले. मग म्हणाले, "आदी का सांगितलं त्यानं? सांगा." त्यांनी एकेकाकडे पाहिलं. "न सांगता झालं आसतं तर ह्या लोकांला वाटलं आसतं, आपला मानूस सापडला. सांगून झालं तर कळतंय, आपला मानूस गेला. आपल्या पायानं गेला. सापडनं येगळं, जानं येगळं." त्यांनी गुडघ्यावर हात ठेवले. "आता माझं सांगतो. मी मेलो का हितं उपासना करायची, पेटी उचलायची आन कुंपनापाशी नेऊन रस्त्यावर ठिवायची. वढ्याकडं वळायचं न्हाई. तिथंच बसायचं. हात उचलायचा न्हाई, शिवी द्यायची न्हाई, तारंला बोट लावायचं न्हाई. उसाच्या गाड्या तटतील, लोकं बोलतील, पोलीस येतील. सकाळी तुमी पन्नास आसाल, दुपारपतुर धा ऱ्हाल. ते धा बसून ऱ्हायले पायजेत."

"काका, मी आस्ताना कोन मागं फिरतंय," ज्ञानेश्वर म्हणाला. "जेलात जाऊ, पर हालनार न्हाई." बाबांनी त्याच्याकडे बघितलं. लहान मूल मोठ्याची चप्पल घालून चालतं तेव्हा बघावं तसं. आणि सीमाला ते सगळंच असह्य झालं. तो शांत आवाज, ते हिशेबानं मांडलेलं मरण, समोर बसलेल्या माणसांचे मोठे झालेले डोळे. ती आतून बाहेर आली, गोळ्यांची डबी हातातच, आणि म्हणाली, "बास करा, बाबा. असलं काही होणार नाही. मी तुम्हाला नगरला नेणार आहे माझ्याकडे. आणि झालंच काही, तर तिथं आपलं मोठं कबरस्तान आहे. भिंत आहे, नळ आहे, गाडी आतपर्यंत जाते. तुमच्या मरणाचा मोर्चा कशाला करता?"

"माझ्या वाटंतनं बाजूला हो," बाबा म्हणाले.

त्यांनी तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. आताही फारसा चढवला नव्हता. पण ओसरीतली माणसं खाली बघायला लागली. सीमानं लग्नाआधी सात वर्षं संडे स्कूल शिकवलं होतं. मरणाच्या वाटेवरून अडवणाऱ्या आपल्याच शिष्याला येशू हे म्हणाला होता आणि म्हणताना वर त्याला सैतान असं नाव ठेवलं होतं, हे तिला पाठ होतं. बाबांनी ते नाव तेवढं गाळलं होतं. पुढे कितीतरी दिवस ती त्या गाळलेल्या नावाशी झोंबत राहिली. दया म्हणून गाळलं, की दम पुरला नाही म्हणून? मग ते हळू म्हणाले, "तुजी आई हितं हाय. नळ बघून मरू का मी?" छबूबाई हसल्या. तेवढ्यावर ते निभावलं. पण रात्रीच्या एसटीत सीमा धुमसत होती. मरण आपलं असतं म्हणून त्याचं काहीही करायचा हक्क माणसाला असतो का? मागं राहणाऱ्यांनी रडायचं सोडून रस्ता अडवत बसायचं?

आणि दुसऱ्या रविवारी ते वाक्य. "तुमच्यातलंच कोनीतरी म्हनंल, आमचा त्याचा काय संबंध न्हाई," बाबा म्हणाले. ज्ञानेश्वर म्हणाला, "कोन म्हनंल?" सीमानं त्याच्याकडेच पाहिलं होतं. मोठं बोलणारा हाच, पळणाराही हाच, असं तिच्या मनात आलं होतं. बाबांनी मात्र कुणाकडे पाहिलं नाही. "म्हनंल कोनी बी. भ्यालं म्हनून मानूस वाईट हुत न्हाई. म्हनलात तर म्हनलात. पर तितंच थांबू नका. परत या. येनाऱ्याला बाकीच्यांनी जागा द्या. काय इचारू नका."

शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर ती गावाला गेली. बाबा ओसरीत खाटेवर होते. छबूबाईंनी कोमट पाण्याचं घमेलं ठेवलेलं, त्यात त्यांचे पाय. सीमानं खाली बसून ते पाय हातात घेतले. अंगठा दाबला की कातडीत खड्डा पडत होता आणि तो भरून यायला वेळ लागत होता. घोट्याजवळ कालव्यातल्या लोखंडानं कापल्याची जुनी खूण, सूज आल्यानं ताणून चकचकीत झालेली. तिला वाटलं होतं की सांगताना आपण रडू. पण शब्द कोरडे निघाले. "गुरुवारी शाळेत एकीनं तुमचा व्हिडिओ दाखवला. ओळखता का म्हणाली. मी नाही म्हटलं."

बाबांनी डोळे मिटले होते. "कोन ती?"

"गहिनीनाथची भाची."

"मंग?"

"मग काय?"

"मंग आज आलीस का न्हाई?" ते म्हणाले. "पानी गार झालं. वाईच कढत वत."

तिनं पाणी ओतलं. एवढंच झालं. तिला राग आला, कारण तिला शिक्षा हवी होती आणि ती मिळाली नव्हती. मग तो राग कुठल्या कुठं वळला. बाबांवरून तो पूजा मॅडमवर गेला, त्यांच्यावरून त्या पोलांवर, पोलांवरून त्या 'घरगुती' लिहिलेल्या रजेच्या अर्जांवर, आणि तिथं येऊन स्थिरावला. ती म्हणाली, "तरी मला पटत नाही तुमचं. शांतपणे जावं माणसानं." बाबा म्हणाले, "मरन हाय माजं. वाया का घालवू?"

सोमवारी मधल्या सुट्टीत तिनं पूजा मॅडमच्या शेजारची खुर्ची ओढली. "परवा तुम्ही ज्यांना ओळखता का विचारलंत, ते माझे वडील आहेत. रंभाजी साळवे. मी खोटं बोलले." आजूबाजूच्या चार बायका खायच्या थांबल्या. पूजा मॅडम लाल झाल्या, मग म्हणाल्या, "मामा तसे वाईट नाहीत हो." "माझे वडीलही नाहीत," सीमा म्हणाली. तिला वाटलं होतं छाती हलकी होईल. उलट आधार सुटल्यासारखं वाटलं. पण त्या सुटण्यात काहीतरी ओळखीचं, लहानपणचं होतं. कालव्याच्या कठड्यावरून बाबांचं बोट सोडून पहिल्यांदा चालली होती, तेव्हाचं.

बुधवारी सकाळी चहा ठेवला असताना छबूबाईंचा फोन आला. "सीमा, तुजा बाप गेला गं. च्या मागितला, मी आनस्तवर गेला." तिनं गॅस बंद केला. पातेल्यातलं पाणी उकळी येता येता थांबलं, ते ती बघत राहिली. उन्हाळा अजून लागायचा होता.

गुरुवारी दहा वाजता पेटी कुंपणापाशी आली. डांबरी रस्ता जिथं त्या वाटेला फुटतो, तिथं तोंडावरच तार होती. तिच्यापुढे पेटी ठेवली आणि सगळे बसले. पन्नास नाही, सत्तरएक माणसं होती. पाळकांनी प्रार्थना केली, मग गीतं झाली, मग गीतं संपली. डांबर तापायला लागलं तशी लुगड्या-साड्यांखालून धग वर चढू लागली. कारखान्याकडे निघालेला पहिला उसाचा ट्रॅक्टर अकरा वाजता येऊन थांबला, त्यामागे दुसरा, तिसरा, आणि साडेअकरापर्यंत मागे नुसती रांग. तोडलेल्या उसाचा आंबूस-गोड वास, डिझेलचा धूर, आणि कुणीतरी मोठ्यानं म्हटलेलं, "मढं घिऊन बसलेत रस्त्यात." सीमा पेटीच्या डोक्याकडच्या बाजूला बसली होती. ते वाक्य ऐकून तिच्या मानेवर कुणीतरी तापलेला हात ठेवावा तसं झालं. बाबा म्हणाले होते लोकं बोलतील. बोलले. पोलीस येतील. आले, एक हवालदार, वयस्कर, हात जोडूनच बोलत होता, "रस्ता मोकळा करा, साहेब येतायत." प्रत्येक गोष्ट सांगितल्याबरहुकूम घडत होती आणि प्रत्येक वेळी तिला वाटत होतं, की पेटीत झोपलेला माणूसच एकेक गेट उचलतोय. ज्ञानेश्वरनं खिशातून पकड काढली, तार तोडायची, कंपनीतली. "दोन मिन्टाचं काम हाय, ताई." तिनं त्याचा हात धरून खाली केला. "ठेव आत." त्यानं ठेवली. त्यानंतर थोड्या वेळानं त्याला फोन आला, आलोच म्हणून उठला तो गेला. दुपारी एक वाजता तिनं माणसं मोजली. चौदा.

पेटीत बर्फ भरला होता. त्याचं पाणी आता फटीतून गळायला लागलं होतं आणि रस्त्याच्या उतारानं एक बारीक धार कुंपणाखालून उसाकडे चालली होती. कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. सीमानं झाकणावर हात ठेवला आणि चटका बसला. आत ते आहेत. या उन्हात. मुलगी म्हणून आपण हे काय करतोय? नगरच्या त्या नळाची, भिंतीची, आतपर्यंत जाणाऱ्या गाडीची तिला अनावर ओढ लागली. आत्तापर्यंत सगळं झालं असतं. आंघोळ करून घरात बसलो असतो, कुणीतरी चहा दिला असता. ती तशीच बसून राहिली, कारण उठायचं म्हटलं असतं तरी पायांना मुंग्या आल्या होत्या. त्याच वेळी ज्ञानेश्वर परत आला. तोंड धुतलेलं, केस ओले, डोळे लाल. तो कुणाकडे न बघता उभा राहिला. सीमा सरकली आणि तिच्या शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा झाली. तो बसला.

दोनच्या सुमारास गहिनीनाथ आला. साठीचा, उंच, डोक्यावर टोपी, चेहरा उन्हानं रापलेला. रांगेतल्या तिसऱ्या ट्रॅक्टरमध्ये त्याचाच ऊस होता आणि तो वाळत होता. तो पेटीपाशी येऊन उभा राहिला, टोपी काढली, वाकून हात जोडले. "रंभानाना चांगला मानूस हुता," तो म्हणाला. त्याचा आवाज खरा होता. "माज्या बापाच्या रानाला त्यानं कदी पानी कमी पडू दिलं न्हाई. मला काय मढं आडवायचं न्हाई. दोन पोल काडतो. आजच्यापुरतं जाऊ द्या."

आजच्यापुरतं. माणसांतून एक सुस्कारा गेला. बायकांनी गुडघ्यावर हात देऊन उठायला सुरुवात केली. अमृत पाळकांनी पुस्तक मिटलं आणि "देवाचे आभार" म्हणाले. पेटीच्या कड्यांना हात लागले. सीमा बसून राहिली. ती घाईघाईनं बाबांची वाक्यं चाळत होती. शिव्या, पोलीस, पळणारी माणसं, परत येणारी माणसं, सगळं त्यांनी सांगून ठेवलं होतं. हे मात्र सांगितलं नव्हतं. कुणी टोपी काढून येईल, चांगलं बोलेल, निम्मं देईल, तेव्हा काय करायचं, यावर एक अक्षर नव्हतं. तिनं पुन्हा शोधलं. आत नुसती शांतता होती, पाळी संपल्यावर कालव्यात असते तशी. बाबा आता खरोखरच गेले आहेत, हे तिला त्या क्षणी कळलं. आणि त्या कळण्यानं ती कोसळली नाही. तिच्या पाठीचा कणा आपोआप ताठ झाला.

"आजच्यापुरतं नको, गहिनीनाथभाऊ," ती म्हणाली.

"काय?"

"नकाशावर वाट आहे. ती वाट कायमची मोकळी करा. मंडळ अधिकाऱ्यांना इथं बोलवा, ते लिहितील, तुम्ही सही करा. मग उचलू."

"ताई, तुमी शिकलेल्या," तो म्हणाला. "मढ्याचा तरी इचार करा. ऊन बघा."

तोच विचार ती तासभर करत होती. "मीच लेक आहे त्यांची," ती म्हणाली. "मीच बसले आहे उन्हात."

अमृत पाळक तिच्याजवळ वाकले. घाम त्यांच्या कॉलरमधून खाली उतरत होता. "सीमाताई, मिळतंय ते घेऊ या. पुढचं पुढं बघू."

"पुढचं कोण बघणार, पाळकसाहेब? पुढं या छबूबाई जातील. तेव्हा परत टोपीवाल्याच्या दारात जायचं का, आजच्यापुरतं द्या म्हणून?" बोलताना तिला छबूबाईंकडे बघायचं धैर्य झालं नाही. कुणाच्या तोंडावर त्याचं मरण काढायला ती बाबांइतकी सरावलेली नव्हती. पण छबूबाई तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, सत्तर वर्षांच्या, वाकलेल्या, आणि म्हणाल्या, "मी न्हाई जायची कुनाच्या दारात." मग त्या रस्त्यावर मांडी घालून बसल्या. ज्ञानेश्वर बसला. कड्यांना लागलेले हात एकेक करून सुटले. अमृत पाळक सगळ्यांत शेवटी बसले, आणि बसल्यावर त्यांनी पुस्तक परत उघडलं.

गहिनीनाथ चिडला. तो बरंच बोलला, आणि जे बोलला त्यात आता काही चांगलं नव्हतं. मागचे ट्रॅक्टरवाले त्याच्यावरच ओरडायला लागले, की ऊस वाळतोय, काय ते मिटवा. हवालदारानं फोन लावले. साडेतीन वाजता मंडळ अधिकारी जीपमधून आले, नकाशा ट्रॅक्टरच्या बोनेटवर पसरला, बोटानं ती वाट दाखवली आणि कागद लिहायला घेतला. गहिनीनाथ लांब बांधावर जाऊन बसला. पाऊण तास बसला. मग आला, सही केली आणि पेन बोनेटवर टाकून दिलं. पोल काढायला त्यानं माणसं दिली नाहीत. उसाच्या गाड्यांच्या ड्रायव्हरांनीच साखळी बांधून ट्रॅक्टरनं एकेक पोल उपटला. अकरा पोल. प्रत्येक पोल निघाला की जमिनीत एक खोल गोल खड्डा राहत होता, आणि पेटी त्या खड्ड्यांच्या मधून, दोन्हीकडच्या उसाच्या पात्यांना घासत, पुढे गेली. सीमानं खांदा दिला. बायका देत नाहीत, असं कुणी म्हणालं नाही. लाकडाची धार खांद्यात रुतत होती. ते ओझं तिला हवं होतं.

बनाबाईच्या शेजारी खड्डा तयार होता. माती टाकून झाली तेव्हा ऊन उतरलं होतं. माणसं पांगली, पाळकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, छबूबाईंना ज्ञानेश्वरनं हाताला धरून नेलं. सीमा मागं राहून आईच्या कबरेवरचं दोन वर्षांचं गवत उपटत होती. निघाली तेव्हा वाटेच्या तोंडाशी गहिनीनाथ उभा होता. उपटलेले पोल त्यानं एका बाजूला रचून घेतले होते आणि तार गुंडाळत होता. ती जवळ आली तसा तो थांबला.

"ताई," तो म्हणाला, "आता हितून कोन कोन जानार, ते तरी सांगा."

"मरतील ते सगळे," सीमा म्हणाली. "आणि त्यांना भेटायला येणारे. मी रविवारी येतेय."

तो उसाच्या कडेला सरकला. ती वाटेच्या मधून चालत रस्त्याला लागली.